सवडीने यावे

सिंदी (रेल्वे)
दि. ४ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप श्रीधरमामांस,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

आपली ९ आणि २१ जुलैची पत्रे एकाच दिवशी पोहोचली. आपण वहीच्या पानांवर लिहून, जिथे टॉवर असेल अशा गावात उतरल्यावर त्यांचे फोटो पाठवता. मी वर्ध्याला कॉलेजजवळच्या दुकानात ते छापून आणते आणि मग घरी वाचन होते. बाबा बाजेवर, आई उंबऱ्यात डाळ निवडत, आणि मी दाराला टेकून. वर्गात प्राध्यापकांनी वाचायला उभे केले की माझा आवाज जातो. घरी मात्र तो बरा लागतो.

मोटारसायकलीसह ओढ्यात आडवे झाल्याचा प्रसंग दोनदा वाचावा लागला. आई हसून हसून ठसकली. ती म्हणाली, शिरधर लहानपणी सायकलीसकट नाल्यात पडला होता, तवाही त्यानं पयले वही सुकवली अन् मंग ढोपर पाह्यलं. क्लचच्या दांडीच्या जागी लाकडाचा तुकडा बांधून आपण चाळीस किलोमीटर गेलात, हे बाबांना पटलेले नाही. त्यांचे मत असे की मास्तरले असा जुगाड जमला म्हणजे तिथले लोकच हुशार असतील.

गल्लीतल्या शोभाबाई आईला अजून विचारतात की पंचावन्न वर्षांच्या भावाला एकट्याने परमुलखात गाडीवर फिरायला काऊन पाठवलं वो. आई त्यांना सांगते, सहा वर्षं बायकोच्या खाटेपाशी बसला तो, आता डोंगरापाशी बसू द्या थोडा. लीनामामी गेल्यानंतरची आपली दोन वर्षे तिने पाहिली आहेत. आपण जावे म्हणून ती आपल्याशी भांडली, हेही तिला अभिमानाने सांगायला आवडते.

एम.ए.च्या पहिल्या वर्षात मी महाविद्यालयात पहिली आले. सत्काराला गेले नाही; ताप आल्याचे कळवले. ताप नव्हता. नालवाडीच्या आपल्या घराची खिडकी दर रविवारी उघडून येते.

आईची भूक जरा कमी झाली आहे. उन्हाळा बाधला असावा, असे ती म्हणते. बाकी इकडील सर्व क्षेम.

आपला लोभ आहे तेवढाच पुरे. त्यात भर घालण्याच्या नादात आणखी एखाद्या ओढ्यात उतरू नये.

आपली आज्ञाधारक,
वर्षाली


दि. १९ ऑगस्ट २०२४
कुस्कोच्या पूर्वेला, एका डोंगराच्या खांद्यावर

चि. वर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली आलीस याचा आनंद, खोटा ताप आणलास याचा खेद. हे दोन्ही एकाच वाक्यात लिहितो, म्हणजे तुला पहिलंच तेवढं वाचून दाखवता येणार नाही.

मी चार हजार मीटर उंचीवरच्या एका खेड्यात आहे. दहा पावलं चाललं की आपल्याच छातीतला भाता ऐकू येतो. गाडीची अवस्था माझ्याहून वेगळी नाही. परवा मला इथे अटक झाली. तळ्याकाठी बसून मी तुलाच पत्र लिहीत होतो. मेंढ्या राखणाऱ्या दोन बायांनी लांबून पाहिलं की एक परका माणूस डोंगराकडे बघतो आणि वहीत काहीतरी काढतो. या भागात खाणवाल्यांचा धसका आहे. त्यांनी हाळी दिली, शिवारातून माणसं धावली, गाडीची किल्ली गेली आणि मला शाळेच्या अंगणात गावासमोर बसवण्यात आलं. माझं स्पॅनिश कामापुरतं. त्यांची भाषा तर वेगळीच, केचुआ. वही हातोहात फिरली. आपल्या अक्षरांवरच्या शिरोरेघा पाहून एका म्हाताऱ्याने ठामपणे सांगितलं की या डोंगरांच्या धारा आहेत, माणूस नकाशे काढतो आहे. त्यांच्या शाळामास्तरांना ते पटलं. मीही मास्तर, त्यामुळे मास्तरांचं पटणं किती भरवशाचं असतं ते मला ठाऊक आहे.

शेवटी फेलिपा नावाच्या बाईंनी तोडगा काढला. माझ्याच वयाच्या, विधवा, गावात डब्यातून पेट्रोल विकणाऱ्या. त्या म्हणाल्या, नकाशा वाचता येत नाही, पत्र वाचता येतं. त्याला वाचायला लावा. मग मी उभं राहून तुला लिहीत होतो ते पत्र अख्ख्या गावाला मराठीत वाचून दाखवलं. ताईचं नाव आलं तिथे मी थांबलो आणि हाताने उंची दाखवून, ही माझी मोठी बहीण, हिनेच मला इकडे धाडलं, असं सांगितलं. बायका हसल्या. किल्ली परत मिळाली, वर उकडलेले बटाटे मिळाले. आता फेलिपाबाईंकडेच उतरलो आहे. त्या रोज विचारतात, बहिणीचं उत्तर आलं का.

ताईच्या भुकेचं मात्र उन्हावर ढकलू नका. ऑगस्टात कसला उन्हाळा? सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून घ्या आणि मला खरं कळवा.

तुझा लोभ या उंचीवरही विरळ होत नाही, तो तसाच पोचवत राहा.

तुझा,
श्रीधरमामा


सिंदी (रेल्वे)
दि. २९ ऑगस्ट २०२४

प्रिय ऋचाताईस,
स. न. वि. वि.

तू पुण्याच्या धावपळीत असशील. फोनवर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात आईचे डोळे पिवळे दिसले. सेवाग्रामला तपासण्या झाल्या, नंतर नागपूरलाही. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो यकृतापर्यंत गेला आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेऊन सांगितले की सहा महिने धरून चला. अधिक मिळाले तर आपले. सिंदीला उतरल्यावर बाबा म्हणाले की तुह्या आईले काविळच सांगजो.

आईला कावीळच सांगितली आहे. पण तिनेच त्या संध्याकाळी मला बजावले की शिरधरले काई कळवू नको. त्यानं लय दुखणं पाह्यलं, आता त्याच्या मागं माह्यं लावू नको.

मामांचे पत्र आले आहे. त्यांनी खरे कळवायला सांगितले आहे. त्यांनीच मला पाचवीपासून पत्रे लिहायला शिकवली. त्यांना खोटे कसे लिहावे, हे त्यांनी कधी शिकवले नाही. तू त्यांची मुलगी आहेस, म्हणून तुझा सल्ला मागते. कळवू का?

तुझ्या उत्तरावर माझा सगळा भार आहे, तो तुला जड होऊ नये.

तुझी,
वर्षाली


पुणे
दि. ३ सप्टेंबर २०२४

प्रिय वर्षाली,

तुझ्यासारखं नीट लिहिता येत नाही मला. दोन दिवस नुसती रडत होते. आत्याने मला आईपेक्षा जास्त न्हाऊ घातलंय.

तू विचारलंस ते. मला वाटतं, दिवाळीपर्यंत नको सांगू. मी बाबांना त्या सहा वर्षांत पाहिलंय. आईला कुशीवर वळवायचे, चमच्याने भरवायचे, आणि बाहेर आले की नळाखाली हात धुवत किती तरी वेळ उभे राहायचे. आई गेल्यावर ते हसले ते थेट जुलैमध्ये, त्या ओढ्याच्या पत्रात. सहा महिने म्हणालेत ना डॉक्टर? मग ऑक्टोबरअखेर मी स्वतः त्यांना फोन करून बोलावते. दोन महिने तरी त्यांना मिळू दे गं. मी स्वार्थी आहे का? असेन.

पुढच्या शनिवारी येते. आत्याला आवडतो तो खवा आणू का, की चालत नाही?

माझ्यावर रागावू नको. रागावलीस तरी प्रेम कमी करू नको.

ऋचा


सिंदी (रेल्वे)
दि. २२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप श्रीधरमामांस,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

आपल्या अटकेचे वृत्त घरी सर्वांना अतिशय आवडले. आपल्या अक्षरांचे डोंगर झाले, हे ऐकून बाबा म्हणाले की माह्या सातबाऱ्याचंही असंच होते, तलाठ्याशिवाय कोणाले वाचता येत नाई.

पोळा साधेपणाने झाला. ऋचाताई येऊन गेली. कपाशीला बोंडे चांगली धरली आहेत. आईला दवाखान्यात दाखवले. काविळीचे निदान झाले आहे, पथ्य आणि औषधे सुरू आहेत.

आज आईने आपल्यासाठी स्वतः मजकूर सांगितला. तो पुढीलप्रमाणे आहे.

चि. श्रीधर, तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. जेवणाखाण्याची आबाळ करू नये. माझी प्रकृती अधूनमधून नरम असते, तथापि उपचार चालू आहेत. तुझी आठवण येते. तू गेलास याचे मला समाधान आहे. प्रवास आटोपल्यावर सवडीने यावे. भाऊबीजेपर्यंत येणे झाल्यास आनंद वाटेल.

एवढे सांगून ती थकली आणि झोपली. फेलिपाबाईंना आमचा नमस्कार सांगावा. बहिणीचे उत्तर आले, असे त्यांना कळवावे.

आपल्या मायेची सावली अशीच दुरूनही राहू द्यावी.

आपली,
वर्षाली


सिंदी (रेल्वे)
दि. २४ सप्टेंबर २०२४

प्रिय ऋचाताईस,
स. न. वि. वि.

मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

रविवारी आईने मला वही घेऊन बसवले. ती म्हणाली, म्या नको म्हटलं होतं, आता मीच म्हणतो का त्याले बलाव. तिने सांगितले तसे मी भराभर कच्चे लिहून घेतले. मग पक्के करायला बसले. माझी रीत तुला ठाऊक आहे. कच्च्यातले मी जसेच्या तसे कधीच उतरवत नाही. वाक्ये जुळवत गेले. एक शब्द फार उघडा वाटला, तो काढला. एका वाक्याने मामा घाबरतील असे वाटले, ते सौम्य केले. तुझे दिवाळीपर्यंतचे म्हणणे मनात होते, बाबांचेही होते. पक्के झाल्यावर वाचून पाहिले, तर त्यात आई कुठेच नव्हती. पत्र मात्र सुबक झाले होते. खरे सांगते, ते सुबक झाले याचे मला क्षणभर बरेही वाटले.

आईने विचारले, वाचून दाखव. मी तिला कच्चे वाचून दाखवले आणि पाठवले पक्के. ती म्हणाली, बराबर लिह्यलं. आता ती रोज विचारते की त्याले पोचलं असन का.

मी चुकले का, हे तू सांगू नकोस. फक्त लवकर ये.

तुझ्या मायेवाचून इथे कोणाचाही आधार नसलेली,
वर्षाली


दि. ५ ऑक्टोबर २०२४
खालच्या बाजारगावातून

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं २२ तारखेचं पत्र आज या बाजारगावात मिळालं. काविळीला पथ्य सांभाळलं की झालं. उसाचा रस द्या, तेलकट बंद करा. तुझी वाक्यं आता इतकी घोटीव झाली आहेत की त्यावर हात ठेवायला मला जागा राहिलेली नाही. ताईचा मजकूरही नेटका उतरवलास.

या गावातून दोन रस्ते फुटतात. एक कुस्कोला, विमानतळाकडे, सहा तासांचा. दुसरा वर, जिथे अजून डांबर पोचलेलं नाही. पाऊस सुरू होण्याआधी वरची तीन-चार गावं पाहून घेईन म्हणतो. यंदाची भाऊबीज हुकेल. ताईला म्हणावं, चंद्राला ओवाळ आणि माझ्या वाटचं ताट राखून ठेव; संक्रांतीला येऊन दोन्ही सणांचं एकदम जेवतो. वर टॉवर नाही, तेव्हा महिनाभर पत्र आलं नाही तर काळजी करू नये.

काल चाक बदलताना नट घरंगळत दरीत गेला. एका बाईने तिच्या मागाचा दोरा वळून तिथे असा आवळला की नटापेक्षा पक्का बसला. मी तिला सांगितलं की आमच्याकडेही कापसाचा मुलूख आहे.

मजवरचा लोभ संक्रांतीपर्यंत टिकेल एवढा तरी शिल्लक ठेवावा.

श्रीधरमामा


सिंदी (रेल्वे)
दि. १९ ऑक्टोबर २०२४

मामा,

तुम्ही ताबडतोब या. आईला कावीळ नाही, कर्करोग आहे. ऑगस्टपासून आम्हाला माहीत होते. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, पण या आठवड्यात ती एकदम खालावली. पोटात पाणी झाले आहे. ती उठत नाही.

परवा कापसाच्या पहिल्या वेच्याची सीतादही होती. दरवर्षी वेचणी सुरू करण्याआधी तीच वावराला दहीभात शिंपडते. यंदा तिने हट्ट धरला. बाबांनी तिला बैलबंडीत गादी घालून नेले. तिने बसल्या जागेवरून भात टाकला, तो तिच्याच पदरावर पडला. वेचायला आलेल्या सुलोचनाकाकूंनी तो उचलून झाडाच्या बुडाशी ठेवला. येताना तिने मला विचारले, शिरधर निघाला असन ना.

मी फोन केले, लागत नाहीत. ऋचाताई आली आहे, तीही लावते आहे. ज्या कुठल्या गावात हे वाचाल तिथूनच निघा.

वर्षाली


सिंदी (रेल्वे)
दि. ८ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न.

आई २६ ऑक्टोबरला, शनिवारी, सकाळी पावणेअकरा वाजता गेली. त्याच दिवशी दोन ओळी पाठवल्या होत्या. त्या तुम्ही याआधीच वाचल्या असतील, किंवा हे पत्रही त्यांच्याबरोबरच मिळेल. काल तेरवी झाली. सगळे आपापल्या गावी गेले. ऋचाताई थांबली आहे. ती आणि मी एकमेकींशी बोलतो, पण दिवाळीचा विषय काढत नाही.

शेवटच्या दोन दिवसांत तिने तुमचे नाव घेतले नाही. बाबा म्हणाले की ती विसरली. मला तसे वाटत नाही. तिने विचारायचे बंद केले, एवढेच.

मामा, मी तुम्हाला फसवले. २२ सप्टेंबरच्या पत्रात आईचा म्हणून जो मजकूर होता तो तिचा नव्हता. तिने सांगितले ते मी वहीत कच्चे लिहून घेतले होते, आणि पक्के करताना त्यातून ते सगळे काढून टाकले ज्याने तुम्ही निघाला असता. काही कारणे होती; ती मी देणार नाही, कारण मी मजकूर बदलला तो त्यांच्यामुळे नव्हे. मला ते नीटनेटके करायचे होते. खाली तिचे शब्द देते. यात मी एकही अक्षर बदललेले नाही.

शिरधर, कसा आहे तू. जेवतं का नाई बराबर. मले इकडं चांगलं वाटून नाई राह्यलं. पोटात दुखते, जेवण जात नाई, आंग पिवळं पडलं. डाक्टर काय म्हणते ते हे बापलेक मले सांगत नाई. त्याहीले वाटते मले काई समजत नाई. म्या लीनाले पाह्यलं आहे, मले समजते. मीच तुह्याशी भांडली होती जाय म्हणून, अन् आता मीच म्हणून राह्यली का ये. लाज वाटते मले. पण भेव वाटते रे. दिवसा नाई वाटत, घर भरून राह्यते. दुपारी सारे वावरात जाते, तवा वाटते. तू लीनापाशी बसत होता तसा माह्यापाशी बस थोडा. बोलू नको काई, नुसता बस. गाडी तिथंच कोणाच्या घरी ठेवून दे, मंग जाऊन आनजो. भाऊबीजेच्या आंधी येजो. वर्षाली लय चांगलं लिहिते पण तिले अजून समजत नाई. येजो.

हे तुमच्यापर्यंत सहा आठवड्यांपूर्वी पोहोचायला हवे होते. तुम्ही तेव्हा त्या दोन रस्त्यांच्या गावात होता, हे मला तुमच्या पत्रावरून कळले. ते पत्रही मी आईला वाचून दाखवले. संक्रांतीचे वाचले तेव्हा ती भिंतीकडे वळली.

मला काय शिक्षा द्यायची ती तुम्ही द्या. बाबांना मी अजून सांगितलेले नाही.

लोभाबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही.

वर्षाली


कुस्को
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षालीस,
आशीर्वाद.

काल दुपारी खाली उतरलो. तुझी सगळी पत्रं एकदम मिळाली. आलेली पत्रं तारखेच्या क्रमाने उघडायची माझी जुनी सवय. एकोणीस तारखेचं वाचलं तेव्हा ताई होती. मी तिकिटांच्या दुकानातल्या बाईंना विमानांचं बघायला सांगितलं आणि उशीर झाला म्हणून ती मला काय काय बोलेल, त्याला काय उत्तर द्यायचं, ते मनात जुळवायला लागलो. त्या बाईंनी परवा सोमवारचं तिकीट आहे म्हणून सांगितलं. मग मी दुसरं पत्र उघडलं. ताई माझ्यापुरती आणखी दहा मिनिटं जगली.

मला लवकर का उतरता आलं नाही, ते ऐक. १४ ऑक्टोबरला वरच्या घाटात गारपिटीत गाडी घसरली आणि गळ्याचं हाड मोडलं. एका ट्रकवाल्याने गाडी मागे चढवून, मला मेंढ्यांमध्ये निजवून फेलिपाबाईंच्या गावात आणून सोडलं. तिथल्या वैदूने खांदा बांधला. पुढे पावसाने रस्ता खचला. महिनाभर मी तिथेच पडून होतो.

२ नोव्हेंबरला इथे आपापल्या मृतांसाठी पान मांडतात. घराघरांत माणसाच्या आकाराचे पाव भाजतात, ज्याचं त्याचं तोंड काढून. फेलिपाबाईंनी मला विचारलं, तुझे किती. मी एक बोट दाखवलं. त्यांनी लीनाचा एक पाव केला, त्याला अंबाडाही घातला. मग म्हणाल्या की पीठ उरलं आहे, आणखी कोणी आहे का आठव. मी म्हटलं, नाही, बाकी सगळे आहेत. तेव्हा ताईला जाऊन सात दिवस झाले होते.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. तू मजकूर बदललास. ही चूक आहे आणि ती लहान नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी तिला लहान म्हणणार नाही. भाऊजींना तू सांग. मी सांगणार नाही. पण ज्या माणसाला फसवलं असं तू समजतेस, तो फसलेला नव्हता, हे तुला कळायला हवं.

ताईने मला आयुष्यात कधी सवडीने बोलावलेलं नाही. अधूनमधून नरम, तथापि उपचार चालू, हे तिच्या तोंडात बसतच नाही. तीस वर्षं मी पोरांचे निबंध तपासले. वाक्य कोणाचं आहे ते मला पहिल्या चार शब्दांत कळतं. त्या गावात गाडी रस्त्याकडेला लावून मी ते पान दोनदा वाचलं. यामागे काहीतरी आहे, पोरीने ते झाकलं आहे, हे मला स्वच्छ दिसलं. टॉवर होता. फोन खिशात होता. विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस. तुला खोटं बोलता येत नाही, लिहिता येतं एवढंच. मी विचारलं नाही. विचारलं की कळलं असतं, आणि कळलं की पुन्हा तीच खाट, तोच औषधांचा वास, कुशीवर वळवणं, आणि बाहेर येऊन नळाखाली हात. मला ते नको होतं, वर्षाली. तुझं ते सुबक पत्र मला सोयीचं होतं. म्हणून मी तुझ्या भाषेचं कौतुक लिहिलं, काविळीला उसाचा रस सांगितला, आणि वरचा रस्ता धरला.

तेव्हा शिक्षा मागू नकोस. मागायची तर आपण दोघांनी मिळून मागू, आणि ती देणारी आता नाही. दिवाळीच्या विषयावरून ऋचानेच तुला थांबवलं असणार, हे ओळखलं; तिला काही बोलू नकोस. तिने बापाची बाजू घेतली. लेकीने ती घेतलीच पाहिजे.

ताईने सांगितलं होतं तशी गाडी फेलिपाबाईंच्या घरीच आहे; तिचं सांगणं कळण्याआधीच ती तिथे ठेवून आलो होतो. तिच्या सांगण्यातलं एवढंच माझ्याकडून न कळत पाळलं गेलं. फेलिपाबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. निघताना त्यांनी बहिणीसाठी एक लोकरीची शाल दिली आहे. ती आता कोणाला द्यायची, ते मला सुचत नाही.

उद्या इथून निघतो. गुरुवारी दुपारी नागपूरहून पॅसेंजरने सिंदीला येईन. स्टेशनवर कोणी येऊ नका. भाऊजींना म्हणावं, त्याहीनं वावरात जावं, माह्यासाठी थांबू नये. दुपारचं घर रिकामंच असू द्या. ताईची बाज जिथं होती तिथं मी थोडा बसन. तुले वाटलं तर तूही येऊन बसजो. बोलाचं काई नाई.

लोभ असू दे, असं तुझ्याजवळ मागायला मले धीर होत नाई. तरी मागून राह्यलो.

तुहा,
मामा